आम्ही, आपण आणि पोर्ट लुईची मंडई

मराठी प्रवासवर्णनात एक क्षण ठरलेला असतो. लेखक परमुलखात, बहुधा एखाद्या बाजारात, थकूनभागून उभा असतो आणि कुठून तरी ओळखीचा शब्द कानावर पडतो. कुणीतरी विचारते, "तुम्ही मराठी का?" लेखकाचे डोळे भरून येतात, हातातली पिशवी खाली ठेवली जाते, चहा होतो, आणि पुढच्या परिच्छेदात सर्वनाम बदलते. तोवर 'मी' किंवा 'आम्ही' म्हणणारा लेखक एकदम 'आपण' म्हणू लागतो. आपली माणसे, आपली भाषा, आपली संस्कृती सातासमुद्रापार कशी टिकली वगैरे. हा क्षण खोटा असतो असे आमचे म्हणणे नाही. पण त्या क्षणानंतर लेखकाचे पाहणे थांबते, असे आमचे निरीक्षण आहे; आणि ते आम्ही स्वतःवरच केलेले असल्यामुळे त्याबद्दल लिहिण्याचा अधिकार आम्हांला आहे असे वाटते.

व्याकरणाची एक साधी गोष्ट आधी सांगून टाकू. मराठीत पहिल्या पुरुषाच्या अनेकवचनाला दोन सर्वनामे आहेत. 'आम्ही जेवायला जातो' यात ऐकणारा नाही. 'आपण जेवायला जाऊ' यात तो आहे. इंग्रजीत हा भेद नाही, फ्रेंचमध्ये नाही, प्रमाण हिंदीतल्या 'हम'मध्येही नाही. गुजरातीत आहे, आणि दक्षिणेकडच्या द्राविड भाषांत तर तो चांगलाच रुजलेला आहे. शाळेत हा भेद आपण शिकत नाही, कारण तो शिकवावा लागत नाही. तीन वर्षांचे मूल तो बिनचूक पाळते. 'आपण' म्हणताना समोरच्याला आत घेतले जाते, पण त्याला विचारून नव्हे. आम्ही दोघे मराठीचे अध्यापक. आयुष्य हा भेद वर्गात समजावण्यात गेले. तो नीट कळला मात्र पोर्ट लुईच्या मंडईत, एका भाजीवाल्यासमोर.

पोर्ट लुई ही मॉरिशसची राजधानी. शहर लहान. एका बाजूला बंदर आणि उरलेल्या बाजूंनी डोंगरांची कड; त्यातल्या पीटर बॉथ नावाच्या सुळक्यावर एक प्रचंड धोंडा असा बसलेला की आता पडेल असे वाटत राहते. आम्ही गेलो ते डिसेंबरात, म्हणजे तेथल्या भर उन्हाळ्यात. डोंगर वारा अडवतात, त्यामुळे सकाळी नऊलाच सदरा पाठीला चिकटतो. काम काही नव्हते. परतीच्या विमानाला दोन दिवस होते आणि त्यातला एक आम्ही या शहराला द्यायचा ठरवला होता: हिंडायचे, बसायचे, खायचे, पुन्हा हिंडायचे. पाहण्यासारखे जे आहे ते बहुतेक सगळे पाऊण तासाच्या पायी फेरीत येते. अशा शहरात घाई करणे हा मूर्खपणा ठरतो.

गुलमोहर फुललेला होता. डिसेंबरात! आमच्या पिढीच्या कवितेतला गुलमोहर म्हणजे एप्रिल-मे, परीक्षा संपल्याची दुपार, तापलेला रस्ता. येथे तो नाताळाच्या सुमारास लालेलाल. "आपला गुलमोहर बघ, इथेही आहे," असे आमच्यापैकी एकाने म्हटले आणि दुसऱ्याने, जो थोडे वनस्पतिशास्त्र वाचून आहे, लगेच टोकले: गुलमोहर मूळचा मादागास्करचा. ते बेट येथून पश्चिमेला, जवळच. तेव्हा पाहुणा कोण आणि यजमान कोण? या पहिल्या टपलीने सावध व्हायला हवे होते. झालो नाही.

बंदरावरच्या काउदान या नव्या बाजारपेठेत आम्ही फार वेळ घालवला नाही. वातानुकूलित दुकाने सगळीकडे सारखीच असतात. तेथेच ब्लू पेनी नावाचे संग्रहालय आहे. त्यात १८४७ सालची ती दोन तिकिटे आहेत, एक पेनीचे तांबूस आणि दोन पेन्सचे निळे, ज्यांच्यासाठी जगभरचे तिकीटसंग्राहक जीव टाकतात. उजेडाने रंग उडू नये म्हणून खरी तिकिटे तासातून काही मिनिटेच उजळतात. एरवी नकला पाहायच्या. आम्ही त्या मिनिटांसाठी थांबलो. या तिकिटांच्या इतिहासात मुंबईचे नाव येते, हे आम्ही येण्याआधी वाचलेले होते: १८५० मध्ये पोर्ट लुईहून मुंबईच्या बायबल सोसायटीच्या चिटणीसाला एक पत्र गेले, पाकिटावर एक पेनीची दोन तिकिटे. ते पाकीट पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानातल्या कुठल्याशा बाजारात एका संग्राहकाच्या हाती लागले आणि आज ते जगातल्या सर्वांत मोलाच्या टपालवस्तूंपैकी एक गणले जाते. म्हणजे पोर्ट लुई आणि मुंबई यांच्यामध्ये त्या काळी पत्रे जात होती, बायबले जात होती आणि माणसेही जात होती. पाकिटाला किंमत आली.

त्याच इमारतीत प्रॉस्पर देपिने या मॉरिशसमध्येच जन्मलेल्या शिल्पकाराचा संगमरवरी 'पॉल आणि व्हर्जिनी' आहे: पाण्यातून तिला उचलून नेणारा तो. बर्नार्दँ द सँ-पिएर याची ती कादंबरी १७८८ची. साँ-जेराँ हे जहाज १७४४ मध्ये या बेटाच्या किनाऱ्यावर खरोखर फुटले होते. कादंबरीत त्याच जहाजावर व्हर्जिनी बुडते. एका कादंबरीने एका बेटाला जगाच्या नकाशावर आणले असे म्हणतात. साहित्याच्या अध्यापकांना हे ऐकायला बरे वाटते. पण त्या रम्य कथेत दोन्ही कुटुंबांची कामे करणारी गुलाम माणसेही आहेत. ती निष्ठेने राबतात आणि निमूटपणे कथेच्या कडेला उभी राहतात. शिल्पात तर ती नाहीतच.

आप्रवासी घाट तेथून थोडक्या चालीवर. बंदराच्या कडेला, मोठ्या रस्त्याच्या शेजारी, काळ्या दगडाच्या काही भिंती, छपरांचे अवशेष, स्वयंपाकघराचा, न्हाणीघरांचा भाग आणि पाण्याकडून वर येणाऱ्या पायऱ्या. लोक त्यांना सोळा पायऱ्या म्हणतात. जागतिक वारसा यादीच्या नोंदीत त्या चौदा आहेत. दोन पायऱ्यांचा हा फरक आम्हांला आवडला. स्मृती नेहमी थोडी जास्त मोजते. १८३४ ते १९२० या काळात जवळजवळ पाच लाख हिंदी मजूर करारावर या बेटाकडे आले. बरेचसे उसाच्या मळ्यांत राहिले, काही पुढे इतर वसाहतींत पाठवले गेले. १८३५ मध्ये येथे गुलामगिरी बंद झाली, मळेवाल्यांना हात हवे होते, आणि 'ॲग्रीमेंट'चे 'गिरमिट' झाले. आमच्याकडे गिरमिट म्हणजे सुताराचे भोक पाडायचे हत्यार. अर्थ अगदीच चुकलेला नाही. बहुतेक माणसे कलकत्त्याहून आली, नंतर मद्रासहून, आणि तिन्ही बंदरांत सर्वांत कमी मुंबईहून. त्यांत रत्नागिरीकडची पुष्कळ. या जागेला पूर्वी 'कुली घाट' म्हणत. २००६ मध्ये ती जागतिक वारसा यादीत गेली. २०१४ पासून शेजारी माहितीकेंद्रही आहे, ते चांगले आहे, आवर्जून पाहावे.

आम्ही अर्थात त्या पायऱ्यांपाशी उभे राहून छायाचित्र काढले. दोघांच्याही चेहऱ्यावर गंभीर भाव. 'आप्रवासी' या शब्दापाशीच आम्ही जरा अधिक थांबायला हवे होते. आम्ही प्रवासी, ते आप्रवासी. एका 'आ'चा फरक, पण आमच्या हातात परतीचे तिकीट होते. मराठीत 'प्रवास' म्हणजे जाऊन येणे. संस्कृतात प्रवास म्हणजे घरापासून दूर राहणे, आणि जुन्या काव्यातला प्रवासी पती परत येईलच याची खात्री नायिकेला कधीच नसते. आपण शब्द घेतला आणि त्यातली धास्ती काढून टाकली.

त्याच परिसरात एक जुने लष्करी रुग्णालय आहे, फ्रेंच अमदानीतले. २०२३ मध्ये तेथे गुलामगिरीविषयीचे संग्रहालय सुरू झाले. घाटावर आम्ही दीड तास होतो. या इमारतीत पंचवीस मिनिटे. घड्याळ पाहूनच हे सांगतो आहोत. आफ्रिका आणि मादागास्करहून साखळदंडात आणलेल्या माणसांचे दुःख आम्हांला कमी वाटले असे नाही. पण त्यांच्यासाठी 'आपण' हे सर्वनाम तोंडात येत नव्हते आणि ते आले नाही की आमचे पाय चालू लागतात, हे तेव्हा लक्षात आले नाही. रात्री आले.

तर मंडई. पोर्ट लुईची मध्यवर्ती मंडई १८४४ सालापासूनची, म्हणजे व्हिक्टोरियाच्या अमदानीतली. लोखंडी दरवाजावर राणीची आद्याक्षरे अजून आहेत. तळमजल्यावर भाजी आणि फळे, वरच्या मजल्यावर पर्यटकांसाठीच्या टोपल्या, कापड आणि लाकडी डोडो. (खऱ्या डोडोचा सांगाडा जवळच्या संग्रहालयात आहे. पक्षी सतराव्या शतकातच संपला. लाकडी मात्र संपता संपत नाही.) दरवाजाबाहेर डाळपुरीच्या गाड्या. डाळपुरी ही जोडीनेच मागायची, 'एन पेर'. पातळ, मऊ, आत वाटलेल्या डाळीचे कोरडे सारण, वर घेवड्याची भाजी, टोमॅटोचा रस्सा, लोणचे, मिरची. कागदात गुंडाळून हातात. पुरणपोळीतून गूळ काढून घेतला आणि तिला रस्त्यावर नोकरीला लावले, तर ती अशी दिसेल. पण ती पुरणपोळी नव्हे. भोजपुरी मुलखातून आली आणि येथे येऊन तिने फ्रेंच रस्सा आपलासा केला. नंतर आलुदा प्यायलो: दूध, सब्जाचे बी, आगराची जेली. 'फालुदा'तला 'फ' वाटेत कुठेतरी समुद्रात पडला असावा.

आत भाजीबाजारात आम्ही रमलो. भाषाभ्यासकाने पोर्ट लुईत एकच जागा पाहायची असेल तर ती ही पाहावी. कोथिंबिरीला येथे 'कोतोमिली' म्हणतात: तमिळ कोत्तमल्ली. कढीपत्ता 'कारिपुले': तमिळ करिवेप्पिलै. दोडका 'पिपांगाय', तोही तमिळच. पालेभाजी म्हणजे 'ब्रेद', हा पोर्तुगीज वळणाचा शब्द. आणि शेवग्याचा पाला 'ब्रेद मुरुम', म्हणजे अर्धा पोर्तुगीज, अर्धा तमिळ, आणि बोलणार क्रिओल. (आम्हांला मुरूम म्हटले की रस्त्यावर टाकायची खडी आठवते, जुडी हातात घेऊन बराच वेळ हसत होतो.) अळू, वांगी, कारली, दुधी, भेंडी सगळे आहे, आणि प्रत्येकाचे नाव वेगळ्या बोटीने आलेले. या तमिळ नावांमागे एक इतिहास आहे. करारावरच्या मजुरांच्या कितीतरी आधी, अठराव्या शतकात ला बुर्दोनेने हे बंदर उभारले तेव्हापासून, पाँडिचेरीकडचे कारागीर येथे येत होते. हिंदुस्थानी माणूस या बेटावर गिरमिटातूनच आला, हा आमच्या डोक्यातला इतिहास कोथिंबिरीच्या एका जुडीने दुरुस्त केला.

पैसे देताना नोटा पाहिल्या. नोटेवर इंग्रजी आहे, तमिळ आहे, देवनागरी आहे. १९९८ मध्ये नव्या नोटांवर तमिळ आणि देवनागरी मजकुराची जागा बदलली, त्यावरून एवढा वाद झाला की ती मालिकाच मागे घ्यावी लागली; तमिळ समाजाचे म्हणणे, आम्ही आधी आलो. चित्रांमध्ये चिनी वंशाचे, तमिळ, मुसलमान, हिंदू, क्रिओल आणि फ्रेंच वंशाचे असे देशाचे नेते एकेका नोटेवर वाटून दिलेले. नोटा उलटसुलट करत आम्ही काय शोधत होतो हे वाचकांनी ओळखले असेल. मराठी माणूस नाही.

आणि तेवढ्यात तो दिसला. निदान आम्हांला तसे वाटले. कोपऱ्यातल्या एका गाळ्यावर भोपळ्यांच्या मागे गणपतीची तसबीर होती, आणि ती बसायची ऐट, तो पितांबर, ते सगळे थेट आपल्याकडच्या कॅलेंडरावरचे. गाळेवाले साठीच्या आतबाहेरचे, काळेसावळे, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या. येणारी-जाणारी पोरे त्यांना 'तोंतों' म्हणत होती, म्हणजे काका. मग आम्हीही "काका" म्हटले. वयाने ते आमच्याहून लहानच निघाले असते. आणि विचारले, जसे शंभर प्रवासवर्णनांत विचारलेले आहे तसे, "काका, तुम्ही मराठी का?"

त्यांनी भोपळा पुसला, आमच्याकडे पाहिले आणि शांतपणे क्रिओलमध्ये म्हणाले, "मो मोरिस्यें." मी मॉरिशसचा.

खरे सांगायचे तर राग आला. इतक्या लांबून आलो, डोळे भरून यायला तयार होतो, आणि समोरचा माणूस आपली बाजूच वठवत नाही! वर्गात आम्ही सांगतो की वाचकाने पात्रावर आपली अपेक्षा लादू नये. येथे एक जिवंत माणूस आमच्या अपेक्षेबाहेर पाऊल टाकतो तर आम्ही फुरंगटलो. आम्ही एक शुशु (हिरव्या, सुरकुतलेल्या पेरूसारखी दिसणारी फळभाजी, हॉटेलात राहणाऱ्यांना तिचा काय उपयोग?) विकत घेतला आणि निघू लागलो. तेव्हा ते हिंदीत, सिनेमांतून शिकलेल्या हिंदीत, म्हणाले की आजी मराठी बोलायची. स्वतःला आरती येते. गणेशचतुर्थीला येथे सार्वजनिक सुट्टी असते, गावी झाकरी नाचतात, तेही नाचत असत, आता गुडघे दुखतात. झाकरी म्हणजे आपली कोकणातली जाखडी, हे आम्ही लगेच वहीत टिपून घेतले. मग त्यांनी आरती म्हणून दाखवली, भोपळ्यांच्या मागे बसून, हळू आवाजात, सगळी कडवी. उच्चार आमच्याहून स्वच्छ. अर्थ कळतो का असे विचारायचे आम्ही टाळले, आणि आज वाटते की बरे झाले. पुण्यात आरती म्हणणाऱ्या किती जणांना 'फणिवर' आणि 'नीलकंठ' यांच्या मधल्या शब्दांचा अर्थ सांगता येतो?

मग मात्र आम्ही वाहवलो. "आपण सगळे एकच," आम्ही म्हणालो. मराठीत म्हणालो, हिंदीत म्हणालो. "आपली भाषा, आपला गणपती. तुम्ही आपलेच." ते ऐकत होते, मान हलवत होते. ज्या क्रिओलमध्ये ते जगतात तिच्यात 'नू' हा एकच शब्द आम्ही आणि आपण दोन्हींसाठी आहे. तेव्हा आमच्या बोलण्यातला हा सूक्ष्म अतिक्रमणाचा भाग त्यांच्यापर्यंत पोहोचला नसेल अशी आशा आहे.

आमचे भाषण संपल्यावर त्यांनी गल्ल्याखालून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेला एक कागद काढला. मॉरिशसच्या महात्मा गांधी संस्थेत करारमजुरांच्या नोंदी जपलेल्या आहेत; वंशजांना आपल्या पूर्वजाची नोंद तेथे शोधता येते. त्यांच्या पणजोबांच्या नोंदीची ती नक्कल होती. क्रमांक. नाव. बापाचे नाव. जात. वय. उंची. अंगावरच्या खुणा. जहाज. जिल्ह्याच्या रकान्यात रत्नागिरी, जुन्या इंग्रजी धाटणीत, ओळखू येण्याजोगे. आणि गावाच्या रकान्यात कारकुनाने ऐकून लिहिलेली अक्षरे.

"ये गाँव," त्यांनी विचारले, "कहाँ है?"

आम्ही कागद उजेडात नेला. पहिले अक्षर क, पुढे बहुधा स, शेवटी ल असेल किंवा ब असेल, मध्ये शाईचा गठ्ठा. कसाल असू शकते. ते आता सिंधुदुर्गात, पण १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यातच होते. कसबा असू शकतो, आणि संगमेश्वराजवळचा कसबा एक असला तरी कसबे अनेक. कासारवेली असू शकते, जर कारकून शेवटी कंटाळला असेल तर. तालुक्याचा रकाना कोरा. आम्ही दोघांनी मिळून मराठी साहित्य जवळपास साठ वर्षे शिकवले आहे. जुन्या बखरी वाचवून घेतल्या आहेत, मोडीची तोंडओळख आहे, पाठभेदांवर निबंध लिहिले आहेत. आणि आयुष्यात पहिल्यांदा, एका माणसाला खरोखर हवा असलेला एक पाठ आमच्या पुढ्यात आला आणि आम्हांला तो लावता आला नाही.

"मालूम नहीं," आम्ही म्हणालो. त्यांनी कागद घडी करून परत ठेवला. निराश झाल्यासारखे दिसले नाहीत. मराठी पाहुणे येतात, हे बहुधा नेहमीचेच असावे. गिऱ्हाईक आले, ते तिकडे वळले.

आता आमचे मत. मराठी प्रवासवर्णनाची परंपरा मोठी आहे आणि ती विनोदी, रसाळ, वाचनीय आहे. पु. ल. देशपांडे यांच्या 'पूर्वरंग'ने (१९६३) मराठी वाचकाचे तोंड पश्चिमेकडून पूर्वेकडे वळवले, हे ऋण कोण नाकारील? दोष त्यांच्यात नाही, त्यांची सुटी सुटी लकब उचलणाऱ्या आमच्यात आहे. पण या परंपरेच्या उगमाजवळ आणखी एक पुस्तक आहे, ज्याची आठवण आम्ही अभ्यासक्रमात ठेवतो आणि लिहिताना विसरतो: पंडिता रमाबाईंचे १८८९ सालचे अमेरिकेवरचे पुस्तक. त्याचे नाव पाहा. 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त'. लोकस्थिती आधी, प्रवासवृत्त नंतर. तेथले लोक कसे राहतात, राज्य कसे चालवतात, बायका काय करतात, हे आधी. मी कोठे गेले हे मागाहून. पुढे आमच्या वाङ्मयात हा क्रम उलटला, आणि मग लोकस्थितीची जागा 'आपली माणसे'ने घेतली. आपली माणसे सापडली की स्थिती विचारायची गरज उरत नाही. ती आपल्यासारखीच असणार!

मॉरिशसबद्दल मराठीत होणारे बोलणे बहुतेक या जातीचे असते. तेथे गणपती बसतो, शाळांत मराठी शिकवतात, शिवजयंती होते. हे सगळे खरे आहे आणि त्यामागे तेथल्या लोकांचे कष्ट आहेत. पण घरी मराठी बोलणारे आता फारच थोडे उरले आहेत, हेही खरे आहे, आणि त्यात शोक करण्याजोगे काही घडले आहे असे गृहीत धरण्याचा हक्क आम्हांला कुणी दिला? ज्या माणसाच्या पणजोबाला कारकुनाने क्रमांक दिला, ज्याच्या गावाचे नाव कुणाच्या तरी कानाने मोडले, त्याच्या नातवंडांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांशी बोलता येईल अशी एक भाषा घडवली. ती भाषा गुलामांनी आधी घडवलेली होती. मजुरांनी ती उचलली आणि तिच्यात कोतोमिली घातली. 'मो मोरिस्यें' हे वाक्य त्या भाषेतले आहे. ते आमच्या प्रश्नाचे उत्तर होते, चुकवाचुकवी नव्हे. हिंदीत अभिमन्यु अनत यांच्या 'लाल पसीना' (१९७७) या कादंबरीने त्या बेटावरचा मजूर आतून लिहिला, आणि तो तेथल्याच माणसाने लिहिला. मराठी वाचकापुढे मॉरिशस येते ते मात्र आमच्यासारख्या आठ दिवसांच्या पाहुण्यांच्या वहीतून.

'आम्ही' हे सर्वनाम आत्मतुष्ट वाटते, जुन्या निबंधकारांचे वाटते. नव्या लेखकांनी ते टाकून दिले आणि 'आपण' आणले, कारण ते लोकशाहीला धरून वाटते. आम्हांला आता उलट वाटू लागले आहे. 'आम्ही' म्हणणारा निदान कबूल करतो की ऐकणारा बाहेर आहे आणि त्याचे म्हणणे वेगळे असू शकते.

दुपारनंतर आम्ही फारसे काही केले नाही. कंपनी गार्डनमध्ये वडाखाली बसलो. पारंब्यांमध्ये कार्यालयांतली मंडळी डबे उघडत होती. शां द मार्स या मैदानाच्या कडेने फिरलो. घोड्यांच्या शर्यती तेथे १८१२ पासून होतात, पण त्या दिवशी फक्त एक म्हातारा कुत्र्याला फिरवत होता. चिनी वस्तीत सरबत प्यायलो, जुम्मा मशिदीचे कोरीव दार रस्त्यावरूनच पाहिले. साडेचारच्या सुमारास मंडईवरून परत येताना गाळे आवरत होते. लिचीच्या रिकाम्या करंड्या रस्त्यात. आमच्यापैकी एक जण म्हणाला, कागदाचे छायाचित्र घ्यायला हवे होते. दुसरा काही बोलला नाही आणि आत वळला.

ते अजून होते, भोपळ्यांवर पोते टाकत होते. आम्ही या वेळी काहीच विशेषण न लावता विचारले, कागद पुन्हा पाहता येईल का. त्यांनी काढून दिला. छायाचित्र घेतले, दोनदा, उजेडाकडे धरून. त्यांनी आपला पत्ता आमच्या वहीत स्वतःच्या हाताने लिहिला, फ्रेंच वळणाने. आणि विचारले, रत्नागिरीला पुण्याहून जायला किती वेळ लागतो. आम्ही म्हणालो, गाडीने सात-आठ तास, घाट उतरून. 'घाट' शब्दावर त्यांनी मान वर केली. त्यांच्या मते घाट म्हणजे बंदरावरचा तो. आम्ही हाताने डोंगर काढून दाखवला.

छायाचित्र आमच्या टेबलावर आहे. कसालच्या एका परिचितांना पाठवले आहे, संगमेश्वरच्या एका शिक्षकमित्रालाही. त्या काळच्या गावनोंदी कोणत्या कचेरीत पाहाव्यात याची विचारपूस चालू आहे. कासारवेलीला आम्ही स्वतः जाणार होतो, पण पावसाळा लागला.